१९७६ची पद्मिनी: आतलं काम घरीच करायचंय, सुरुवात कुठून करू?

पडवीतली_पद्मिनी (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

घरी १९७६ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतलेली, अजून जुन्या तीन अक्षरी नंबरावरच आहे. इंजिनाचं दुखणं नाही. चिपळूणच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर आणि ब्रेकचं काम नीट करून दिलंय, सकाळी चोक ओढला की एका सेल्फला उठते. बाहेरून रंग उडालाय, पण पत्रा बरा आहे. रड आहे ती सगळी आतली.

दार उघडलं की आधी वास येतो, ओल्या गोणपाटाचा. छताचं रेक्झिन मागच्या काचेपाशी सुटून लोंबतंय. ड्रायव्हरच्या बाजूची गादी फुटलीये, तिच्यातला काथ्या पँटला चिकटून घरात येतो आणि त्यावरून घरात बोलणी बसतात. मागच्या गादीत उंदरांचा संसार होऊन गेलाय. चारही दारांचे पुठ्ठे खालून फुगलेत. आणि रबरी मॅट उचलली तर अॅक्सिलरेटरच्या बाजूला पत्र्यातून बोट आरपार जातं.

एका सीटकव्हरवाल्याला दाखवली. त्यानं खिडकीतूनच डोकावून सांगितलं: सगळं फाडून टाकू, टॅन लेदरेट, त्यावर हिऱ्याच्या आकाराची शिलाई, खाली सेव्हन-डी मॅट, छताला चांदण्यांचे दिवे. पासष्ट हजार. मी म्हटलं, कळवतो.

मला लग्नाची वरात काढायची नाहीये, गाडी होती तशी हवीये. वेळ फक्त रविवारी. जागा म्हणजे पडवी, तिथं उजेड चांगला आहे. बायकोचं उषा मशीन आहे, मोटरवालं, आणि ब्लाउज-परकर ती उत्तम शिवते. खर्चाची तयारी वीस-पंचवीस हजारांची.

तर विचारायचं असं की सीटपासून सुरुवात करू का? घरच्या मशीनवर रेक्झिन शिवलं जातं का? आणि मूळच्यासारखं रेक्झिन कुठं मिळेल? आत्ता आहे ते काळपट राखाडी आहे.

---

चारचाकी_चतुर (नाशिक)

दादा, एवढी उस्तवार कशाला? रेडिमेड कव्हर चढवा, खाली मॅट टाका, एसी डक्टवाला परफ्यूम लावा. कोण बघतंय आत.

---

शिवणकाकू (कोल्हापूर)

चतुरभाऊ, त्या गाडीला एसी नसतोय, डक्ट कुठला आणणार?

पडवीवाले भाऊ, माझ्या वडिलांचं सीटचं दुकान होतं. जीप, ट्रक, अँबॅसिडर, फियाट, सगळ्यांच्या गाद्या आमच्या दारात येऊन पडायच्या. शाळेत असल्यापासून मी गोट शिवतेय. म्हणून सांगते ते ऐका. तुम्ही सीटपासून सुरुवात करायची नाही. सीट सगळ्यात शेवटी. आधी पाणी, मग पत्रा, मग छत, मग दारं आणि मग गाद्या. लोक नेमकं उलटं करतात, कारण फाटलेली सीट डोळ्यांसमोर असते आणि पाणी दिसत नाही. दोन पावसाळे गेले की नव्या रेक्झिनला बुरशी येते आणि बोल लावतात शिवणाऱ्याला.

कोकणात आहात, पाण्याचं मी वेगळं काय सांगणार. तरी सांगते. सगळ्या सीटा बाहेर काढा. मागची गादी बहुतेक जुन्या गाड्यांत पुढून उचलली की निघते, पुढच्यांचे बोल्ट गंजलेले असणार, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. मॅट आणि त्याखालचा नमदा, म्हणजे फेल्टचा जाड थर, काढा. नमदा वाळवून परत घालायचा मोह होईल, घालू नका, वास त्यातच आहे. मग उघड्या पत्र्यावर जुने पेपर पसरा, एकाला टॉर्च आणि खडू देऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपनं पाणी मारा. खालून वर मारत यायचं. आधी दारांच्या खालचा भाग, मग काचांची कड, शेवटी टप. एकदम टपावर पाणी सोडलंत तर सगळीकडून गळेल आणि कळणार काहीच नाही. पेपर जिथं पहिल्यांदा भिजेल तिथून वर बोट नेत जायचं, खडूची खूण करायची.

माझा अंदाज तुम्हाला आत्ताच सांगते. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, वायपरच्या दांड्या पत्र्यातून बाहेर येतात तिथली रबरी वायसरं, आणि दारं. दारांचं असं असतंय की काचेवरून ओघळलेलं पाणी दारात जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ती भोकं मातीनं बुजलेली असतात. सायकलचा आरा घेऊन मोकळी करा. आणि पुठ्ठ्यामागं एक प्लॅस्टिकचा कागद असतो तो तुमच्या गाडीत नसणार, कुठल्यातरी मिस्त्रीनं काच दुरुस्त करताना फाडून फेकला असणार. पुठ्ठे फुगतात ते त्या कागदावाचून. जाड प्लॅस्टिक कापून सगळीकडून चिकटवा, खालची कड मात्र दाराच्या आत वळवून सोडा, म्हणजे पाणी दारातच उतरेल.

पत्र्याचं काम घरी करू नका. बोट जातंय म्हणजे भोवतीचा वीतभर पत्रा कागद झालेला असतो. चांगला डेंटर गाठा, कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायला लावा. वरून फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणाला तर गाडी परत आणा. वेल्डिंगनंतर मात्र पुढचं तुम्ही करू शकता: तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग. डांबरी शीट पूर्ण वाळलेल्या पत्र्यावरच, नाहीतर ओल आत कोंडून ती शीटच पत्रा खाते. तोंडाला मास्क बांधा, जुन्या रंगाची पूड चांगली नसते.

आता तुमच्या मंडळींसाठी. वहिनींना म्हणावं, रेक्झिन म्हणजे ब्लाउजपीस नव्हे. कापडात टाका चुकला तर उसवून परत घालता येतो, रेक्झिनला पडलेलं भोक कायमचं. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. टाका लांब ठेवायचा, चार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाका घातला तर शिवणीच्या रेषेवरच रेक्झिन पोस्टाच्या तिकिटागत फाटतंय. सुई १८ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा जाड, सुती रीळ अजिबात नको, दमट हवेत कुजतं. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून ओढ धरतो, तर पायाखाली पातळ कागद धरून शिवा, नंतर फाडून टाका, नाहीतर थोडी टाल्कम पावडर. गोटासाठी चेन लावायचा एकेरी पाय वापरा. दोन पदर उषा आरामात घेईल. जिथं गोटाला गोट मिळतो तिथं चार-पाच पदर येतात, तिथं मोटर बंद, चाक हातानं फिरवून एकेक टाका. सुई वाकली की थांबायचं, जोर करायचा नाही.

नमुना नवीन काढू नका, जुनं कव्हर हाच नमुना. कैचीनं टराटरा फाडायचं नाही, ब्लेडनं टाके उसवायचे. त्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं लिहा, डावा-उजवा, वर-खाली, आणि शिवणीवर आडव्या खुणा मारा, कुठली खूण कुठल्या खुणेला भिडते ते कळलं पाहिजे. आणि उसवण्याआधी मोबाइलनं फोटो. तुकडा उन्हात ठेवून सपाट करा, बसून बसून जिथं ताणलाय तिथं तेवढा कमी करून नव्या रेक्झिनवर आखा. शिवणीसाठी माया अर्धा इंच धरा. आमच्या वडिलांचा नियम असा होता की डाव्या बाजूची गादी पूर्ण होईपर्यंत उजवी उसवायची नाही. एक नग डोळ्यांसमोर शाबूत पाहिजे.

रंगाचं म्हणाल तर तुम्हाला वाटतंय तो राखाडी तुमचा रंग नसणार. गादी उलटी करा. फ्रेमखाली दुमडून रिंगांनी आवळलेली जी पट्टी असते तिनं ऊन बघितलेलं नसतं. ती कापून दुकानात न्या, तोच गाडीचा खरा रंग.

आणि भाऊ, मागच्या पाठीचं, दारांच्या वरच्या पट्ट्यांचं रेक्झिन धड असेल तर काढू नका. शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश, पुसून सावलीत वाळवणं, बास. पेट्रोल-थिनर लावलंत तर रेक्झिनमधला मऊपणा निघून जातो आणि ते पापडासारखं तडकतं. जे फाटलंय तेवढंच नवं करायचं. सगळंच नवं केलं की गाडीत बसल्यावर दुकानात बसल्यागत वाटतंय.

---

कुर्ला_पश्चिम (मुंबई)

काकूंना दंडवत. मी सामानापुरतं बोलतो.

माझे वडील प्रीमियरमध्ये होते, कुर्ल्याच्या कारखान्यात. तुमची गाडी तिथलीच. १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. म्हणजे तुमची अगदी सुरुवातीच्या पद्मिन्यांपैकी. हे सांगायचं कारण, पुढं पंचवीसेक वर्षं गाडी निघत राहिली आणि आतलं सामान बदलत गेलं. हँडलं, कुलपं, दारांवरच्या पट्ट्या, मीटर. दुकानदार 'पद्मिनीचं आहे' म्हणून नव्वदच्या दशकातला काळ्या प्लॅस्टिकचा माल गळ्यात मारेल. जुना नग सोबत घेतल्याशिवाय खरेदीला निघू नका.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरची जुनी दुकानं आहेत, तिथं रबरं, बीडिंग विचारा. क्रोमची हँडलं, हॉर्नची रिंग, असलं चोर बाजारात किंवा इथं कुर्ल्याच्या भंगारात. टॅक्स्या होत्या तोवर माल रस्त्यावर पडलेला असायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवलेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून भंगारवाल्यांनाही कळलंय की आपण पत्रा विकत नाही, आठवणी विकतो. भाव त्या हिशेबानं. पुण्यात असाल तर नाना पेठ आणि जुना बाजार, बुधवार-रविवार.

टॅक्सीतून निघालेली गादी घ्यायला जाऊ नका. फ्रेम हजार ठिकाणी वेल्ड केलेली असते.

काच खालीवर करायचं हँडल काढताना स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, पुठ्ठा फाटतो. हँडलामागची वाटी आत दाबा, एक तर आरपार पिन दिसेल किंवा यू आकाराची क्लिप. क्लिप असेल तर हँडलामागून फडक्याची पट्टी घालायची आणि दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश केल्यासारखी मागंपुढं ओढायची, क्लिप उडून बाहेर येते. कुठं उडते ते बघायला घरातलं एक लहान मूल बसवा.

स्टिअरिंगला चिरा असतील तर त्या आधी पात्यानं थोड्या रुंद करा, इपॉक्सी पुट्टी भरा, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर, २२० मग ४०० मग ६००, मग रंग. चीर रुंद न करता वरवर भरली तर पुट्टी उन्हात निघून येते. आणि डॅशबोर्डला हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा. तिथल्या जुन्या वायरींची साल हात लावला की गळते.

---

संत्रानगरी (नागपूर)

काकूंचं सगळं पटलं, पण एक सांगतो. माझी ऐंशीची पद्मिनी आहे, आणि मी ती चालवतो. मे महिन्यात इथं रेक्झिनवर बसून दाखवा जरा. शर्ट पाठीला, पाठ सीटला. मी मधल्या भागात जाड सुती कापड घातलंय, कडेनं रेक्झिन. ओरिजिनल नाही, कबूल. पण प्रदर्शनात ठेवायची की बाजारात न्यायची, ते आधी ठरवा.

---

शिवणकाकू (कोल्हापूर)

संत्रानगरी, तुमच्याकडं चालेल. रत्नागिरीत सुती कापड म्हणजे बुरशीला आवतण.

---

पडवीतली_पद्मिनी (रत्नागिरी)

मंडळी, उशिरा उत्तर देतोय, मधे गाडी डेंटरकडे होती.

पाण्याची परीक्षा काकूंनी सांगितली तशीच केली. मुलगी टॉर्च घेऊन आत, मी बाहेर. दारं निघालीच, चारही दारांत भोकांपाशी चिखल घट्ट बसला होता, पुढच्या डाव्या दारातून तर आंब्याच्या पानांचा चोथा निघाला. पण बोट गेलं होतं त्या जागेचं पाणी दारातून येत नव्हतं. पेपर भिजला तो पॅडलच्या वर, आणि माग काढत गेलो तर वायपरचं वायसर. हातात घेतलं तर बिस्किटासारखा चुरा झाला. काकू, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत. नवी वायसरं पंचाहत्तर रुपयांना जोडी मिळाली. त्या पायी वीतभर पत्रा गेला.

डेंटरनं लांबी सुचवली होती, मी काकूंचं नाव सांगितलं. पत्रा कापून वेल्ड झालाय. आतून प्रायमर, सीलर, रंग मी केला. वास ऐंशी टक्के गेलाय, नमदा जाळून टाकला.

गादी उलटी केली. रिंगांच्या खालची पट्टी निळी आहे. राखाडी नाहीच, चक्क निळी, शाळेच्या युनिफॉर्मच्या स्कर्टचा असतो तसा. आई म्हणाली, "मग मी काय सांगत होते?" तिचं म्हणणं ती आधीपासून निळीच सांगत होती. असेल.

बायकोनं चिंध्यांवर टाका बसवून बघितला. कागद घातल्यावर मशीन चालतंय. तिनं मला मशीनला हात लावायला बंदी केलीये, माझ्याकडे उसवण्याचं काम.

आता दोन अडचणी. एक, फोम कुठला घ्यायचा? दुकानदार 'सुपर सॉफ्ट' देतोय. दोन, छत. लोंबणारं रेक्झिन थोडं सोडवून बघितलं तर आत आडव्या तारा आहेत, त्या रेक्झिनला शिवलेल्या बोगद्यांतून जातात. आणि रेक्झिनची कड मागच्या काचेच्या रबराखाली गेलीये. काच न काढता होईल का?

---

शिवणकाकू (कोल्हापूर)

काच न काढता होत नाही. करतात लोक, कड कापून रबरात कोंबतात, वर्षभरात सुटते. तुमच्या पुढच्या-मागच्या काचांची रबरं एवढी जुनी, ती तशीही बदलायलाच हवीत, म्हणजे काचा निघणारच आहेत. तेव्हाच छत उरकून घ्या.

आधी फोम. सुपर सॉफ्ट उशीला घ्या. बसायच्या गादीला ४० डेन्सिटी, पाठीला ३२ चालेल. पण फोम सरळ स्प्रिंगवर ठेवायचा नाही, स्प्रिंग त्याला कुरतडते. खालून वर असं: स्प्रिंग, त्यावर किंतान ताणून चारी कडांना बांधलेलं, त्यावर काथ्याचा पॅड किंवा नमदा, मग फोम, मग रेक्झिन. स्प्रिंग एखादी तुटली असेल तर शेजारणीला नायलॉन दोरीनं बांधता येते, तीन-चार तुटल्या असतील तर फ्रेम पाठवा, आमच्या इथं उद्यमनगरात वळून देणारे आहेत. मूळची गादी कडेला ताठ आणि मधे दबणारी असते. फोमवाला सगळीकडं सारखा जाड तुकडा देतो आणि मग गादी फुगलेल्या पुरीगत दिसते. कडेला ताठ तुकडा वेगळा चिकटवा.

कव्हर चढवताना फोम आणि रेक्झिनच्या मधे पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरा. रेक्झिन घसरत जाईल, नाहीतर फोम त्याला धरून ठेवतो आणि शिवण उसवते. चढवण्याआधी कव्हर अर्धा तास उन्हात. रेक्झिन घेताना पाठ बघून घ्या, मागं बनियनसारखं विणलेलं होजियरी कापड असेल तर थोडं ताणतं आणि कोपऱ्यावर बसतं. मागं ताठ कापड असेल तर कोपऱ्यात चुण्या पडणार, कितीही ओढा.

आता छत. काचा निघाल्या की रेक्झिन कडेनं सोडवत या. तारा काढताना प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नंबर घाला, आणि पुढची बाजू कुठली तेही लिहा. सगळ्या सारख्या दिसतात पण प्रत्येकीची लांबी आणि कमान वेगळी असते, कारण टप पुढंमागं उतरता असतो. एक जरी इकडची तिकडं झाली तरी छत ढिलं. तारांना गंज असेल तर घासून प्रायमर, नाहीतर गंजाचे डाग रेक्झिनमधून वर येतात. टपाचा पत्रा उघडा पडलाय तोवर आतून तोही बघून घ्या, पुन्हा दिसणार नाही. आतल्या दिव्याची वायर बदलायची तर आत्ताच.

बोगदे शिवताना वहिनींना सांगा, जुन्या छतावर बोगद्यांतलं अंतर मोजायचं ते शिवणीपासून शिवणीपर्यंत, रेक्झिन न ताणता. बोगद्याची दोन्ही टोकं आधी बंद करू नका. तारा घालून टपाला लावल्यावर कडेला रेक्झिन खाली ओढलं जातं, तेव्हा बोगद्याची टोकं थोडी थोडी कापत जायची, एका वेळी नखाएवढी. जास्त कापलं तर तार दिसते.

लावताना मधून सुरुवात. मधली रेषा आधी खडूनं टपावर आणि रेक्झिनवर दोन्हीकडं. मागून तारा चढवत पुढं या, मग पुढं-मागं ताण, मग डावी-उजवी. सगळीकडं आधी नुसते चिमटे, सोल्युशन नंतर. एसआर ९९८ (फेविकॉलचं सोल्युशन) दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं, ओलं असताना नाही. दारं सगळी उघडी ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो, आणि जवळपास देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा नको. बारीक सुरकुत्या राहतील. राहू द्या. गाडी दुपारी उन्हात उभी करा, बऱ्याच आपोआप जातात. ज्या जात नाहीत तिथं चिमटे काढून परत ओढायचं.

काच परत बसवायला दोघं लागतात. रबर आधी काचेला चढवायचं, रबराच्या बाहेरच्या खाचेत जाड सुतळी सगळीकडून भरायची आणि दोन्ही टोकं खाली मधोमध गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावून एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून सुतळी हळूहळू ओढत न्यायची. सुतळी येते तसं रबर पत्र्यावर चढतं. मुठीनं ठोकायचं नाही.

---

कुर्ला_पश्चिम (मुंबई)

मागची काच जपून. पुढची अजून बनवून मिळते, मागचीसाठी दारोदार हिंडावं लागेल.

कागदांचं विचारलं नाहीत तरी सांगतो. १९७६ची म्हणजे पन्नास वर्षांची. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत. व्हीए अक्षरांचा नंबर नव्यानं नोंदणाऱ्यांना, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, त्यामुळे तुमच्या शिवणकामानं काही अडत नाही. पण एक मेख आहे: विंटेज नोंदवली की रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. आईंना घेऊन गणपतीपुळ्याला जायचं असेल तर आहे तेच आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहा आणि पर्यावरण कर भरा.

---

पडवीतली_पद्मिनी (रत्नागिरी)

विंटेज नको मग. गणपतीपुळ्यालाच जायचंय.

काचा निघाल्या, दोन्ही शाबूत. तारा पाच आहेत, नंबर घातलेत. निळं रेक्झिन इथं कुठंच नाही. पुण्याच्या एका दुकानानं पट्टीचा फोटो बघून 'आहे' म्हटलंय, पण मी पट्टी कुरिअरनं पाठवतोय, फोटोवर विश्वास नाही. होजियरीची पाठ आहे का तेही विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लाइनमधले का?"

काकू, एकच राहिलं. दारांचे पुठ्ठे नवीन करायचे तर हार्डबोर्ड घेऊ की प्लाय? सुतार तीन मिलिमीटरचा प्लाय म्हणतोय. आणि पुठ्ठा दाराला धरून ठेवणाऱ्या जुन्या क्लिपा निम्म्या गंजून तुटल्यात, सीटवाल्याकडं मिळतात त्या भोकात ढिल्या बसतात.

---

शिवणकाकू (कोल्हापूर)

प्लाय चालेल, फक्त वॉटरप्रूफ घ्या आणि भोकं पाडल्यावर सगळ्या कडांना वॉर्निश पाजा, भोकांच्या आतूनसुद्धा. हार्डबोर्ड मूळचा, पण तुमच्या हवेत मी प्लायच घालीन. इथं माझा ओरिजिनलचा हट्ट नाही. जुना पुठ्ठा खाली ठेवूनच भोकं आखा, मोजून आखू नका, दारांची भोकं एका मापात नसतात.

क्लिपा आत्ताच्या गाड्यांच्या देतोय तो, म्हणून ढिल्या. दाराच्या पत्र्यातल्या भोकाचं माप ड्रिलच्या बिटानं घ्या, कुठला बिट घट्ट बसतो ते बघा आणि इथं टाका. त्या मापाच्या स्टीलच्या क्लिपा आमच्या डब्यात असतील तर पाठवते.